वाणाचा शब्द

बाई, आज संक्रांत. माझं वाण न देताच तू निघून गेलीस, आणि मला तुझा सणकून राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तू काही मला विचारून गेली नाहीस.

घरात यंदा सण नाही. दार लोटून घेतलं आहे, पण गल्लीतल्या बायकांच्या बांगड्या आणि बोलणं आत येतंच. मी हातमागाच्या खोलीत बसले आहे, तुझ्या जागेवर, खिडकीखाली. चार लोकांत मी तुला 'तुम्ही' म्हणायची, थोरली जाऊ म्हणून. या खोलीत आलं की 'तू'. आता इथंच बसून लिहून राहिले, म्हणून तू. मी शाळेतल्या मराठीत लिहिते, तू ते आपल्या बोलीत करून ऐक. तुला काय, तू इंग्रजीसुद्धा तुझ्या माहेरच्या, कोंढ्याच्या बोलीत करून घ्यायचीस.

भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया तिकडं गेलं, त्याच्या पुढल्याच उन्हाळ्यात मी सानगडीहून लग्न होऊन पवनीत आले. त्या पावसाळ्यात मोठे भाऊजी गेले. मला या घरात कोणती भांडी कुठं असतात हेही अजून धड कळलेलं नव्हतं, आणि समोर तू बसलेली, मोकळं कपाळ घेऊन, मांडीवर लहानगी सोनल. मग संक्रांत आली. पुढच्या खोलीत सासूबाईंनी सतरंजी अंथरली, गल्लीतल्या बायका जमल्या, आणि तू इथं मागं बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरत होतीस. रहाटाचा आवाज पुढं येत होता. तो ऐकत सगळ्यांनी तिळगूळ खाल्ला.

मी ताट उचललं तशा सासूबाई हळूच म्हणाल्या, "तिच्याकडे नको नेऊ वो, तिले चालत नाई." मी सानगडीच्या बाजारात भाव करत वाढलेली पोरगी. मला कोणी 'नको' म्हटलं की पाय तिकडंच वळतात. ताट घेऊन मी तुझ्यापुढं उभी राहिले. त्या वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे लहान डबे होते, हिरव्या झाकणाचे. तू हात मागं घेतलास.

"ठेव ते. कायले लोकायच्या डोळ्यावर येतं?"

मी ढिम्म हलले नाही. तेव्हा तू डब्यावरची चिठ्ठी पाहिलीस. इंग्रजी अक्षरं. तू कोंढ्याला सातवीपर्यंत शिकलेली, अक्षरं जुळवायचीस पण अर्थ लागत नसे.

"हे काय लिवलं हाये?"

"अनब्रेकेबल," मी म्हटलं. बारावीचं इंग्रजी मी गाइडावर काढलेलं, पण एवढं येत होतं. "म्हणजे तुटत नाही असं."

तू तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवलास. आणि म्हणालीस, "डबा ने परत. हा शब्द दे मले वाण म्हणून. शब्दाले काई कुंकू लागत नाई." मग कोंढ्याहून डबा आला की सांगतात तसं, अगदी गंभीरपणे म्हणालीस, "पोचलं."

मी हसले आणि हसता हसता रडले. तू मला रागावलीस, की कांडीवर पाणी पाडू नको.

माझ्या वाट्याचा डबा चार दिवसांत तडकला. तेव्हापासून तू सासूबाईंना अनब्रेकेबल म्हणायला लागलीस. त्यांना वाटायचं, सून काहीतरी चांगलं म्हणते आहे. म्हणतच होतीस म्हणा.

इंग्रजीच कायले, असं मी एकदा तुला विचारलं होतं. तू कांडी थांबवलीस. भाऊजी नागपूरच्या दवाखान्यात होते तेव्हा एक कागद तुझ्या हातात होता. वरपासून खालपर्यंत इंग्रजी. तू तो दिराला, म्हणजे आमच्या ह्यांनाच, दाखवलास, मामाला दाखवलास, शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या मास्तरांना दाखवलास. सगळ्यांनी वाचला, घडी घातली, तुला परत दिला आणि म्हणाले, होईल सगळं ठीक. तू घरी येऊन नव्या ताण्याचं, मागावरच्या उभ्या दोऱ्यांचं, सूत रंगवायला टाकलंस, कारण भाऊजी बरे होऊन मागावर बसणार होते. "सगळ्यायले मालूम होतं शोभा, माह्या हातात होतं अन् मलेच मालूम नोतं," तू म्हणालीस. "आता या घरात माह्यापासून एकबी शब्द कोणी झाकून नाई ठेवणार." हे तुझे शब्द आहेत. मी विसरलेले नाही. पुढं कामाला येणार आहेत.

मग नियम झाले. शब्द कुठंही भेटू दे, घरी आणायचा. लिहून ठेवायचा नाही. "वहीत टाकला का झोपते तो," तू म्हणायचीस. अर्थ सांगताना वाक्य आपल्याच घरातलं पाहिजे, पुस्तकातलं चालणार नाही. ऐकणारीला पुरतं समजलं की तिनं 'पोचलं' म्हणायचं, आणि जोवर ती म्हणत नाही तोवर सांगणारीनं उठायचं नाही, वाक्यं देत राहायची. आणि वाणाचा शब्द वेगळा. दोघींनी एकमेकींसाठी एकेक निवडायचा. त्याचं नाव दिवाळीनंतर सांगायचं आणि अर्थ संक्रांतीला. मधल्या दिवसांत कोणाला विचारायचं नाही, मोबाइल आल्यावर मोबाइललाही नाही. शपथ.

माय वो, काय काय आणलं आपण! खोकल्याच्या बाटलीवर 'ड्राउझिनेस' भेटला, म्हणजे डोळ्यांवर झापड येणं. पुढं शाळेच्या झेंडावंदनाला एक पाहुणे बोलायला उभे राहिले ते थांबेचनात. तू पदर तोंडाशी नेऊन माझ्या कानात म्हणालीस, "मे कॉज ड्राउझिनेस." मी राष्ट्रगीताला सरळ उभी राहू शकले नाही. सुताच्या गठ्ठ्याला गुंडाळलेल्या इंग्रजी पेपरात 'इंटरमिटंट' सापडला, थांबून थांबून पडणारा पाऊस. तू म्हणालीस, "हे तं तुह्या नवऱ्याचं बोलणं." हे तेव्हा जेवत होते. त्यांनी वर पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि आपण दोघी फुटलो.

आणि पेरिशेबल! फळांच्या खोक्यावरचा. नासणारा, टिकत नाही तो माल. तू तो बाजारात काकडीवाल्यावर चालवलास. "भाव कमी कर गा, संध्याकाळ होऊन राहिली, काकडी पेरिशेबल हाये." तो बिचारा टोपलीवर हात ठेवून म्हणाला, "नाई वो बाई, आमच्या काकडीले तसलं काई नाई झालं, सकाळीच तोडली!" बाजारातून घरापर्यंत तू हसत आलीस.

मी मात्र एक लबाडी करायची. समजलं तरी 'पोचलं' म्हणायची नाही. तोंड वेंधळं करून बसायची. मग तुला आणखी एक वाक्य द्यावं लागे, आणखी एक, आणि त्या वाक्यांत तुझं सगळं यायचं. कोंढ्याचं तळं, तुझा बाप, भाऊजींचा हात मागावर कसा पडायचा, सोनलच्या वेळचे डोहाळे. तुला ही लबाडी माहीत होती. "म्हण ना वो पोचलं, भात करपून राहिला," असं ओरडायचीस आणि बसून राहायचीस.

आपलं एक भांडण राहिलंच. सोनलच्या फीच्या पावतीवर सगळ्यात खाली 'मिसलेनियस' होतं. मी सांगितलं, किरकोळ, वेगवेगळं, बाकीचं. तू पावती कितीतरी वेळ पाहत बसलीस. मग म्हणालीस, "ज्याले नाव देता येत नाई अन् सोडताबी येत नाई, ते. म्हणजे या घरात मी." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कांड्या तू भरतेस, ताण्याचे दोरे जोडायची सांधणी तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही, माझं बाळंतपण तू केलंस, पोरं मला सोडून तुला विचारतात, आणि तू किरकोळ? तू म्हणालीस, "चिडते काहून? वाक्य घरातलं पायजे ना? दिलं." मी त्या शब्दाला 'पोचलं' म्हटलं नाही. अनेक वर्षं म्हटलं नाही. तू मधूनच टोचायचीस, "माह्यं एक वाण अटकून हाये तुह्याकडे." आणि मी म्हणायची, ते अडकूनच राहणार.

दिवाळीनंतर तुला पोटात दुखायला लागलं म्हणून नागपूरला नेलं. सोनल तिथं बँकेत नोकरीला आहे, तिनं सगळी धावपळ केली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी तुला आणि सोनलला आत बोलावलं. मी बाहेर आपल्या पिशव्या सांभाळत बसले. बाहेर आलात तेव्हा तू म्हणालीस, "गाठ हाये. पण ऑपरेशन कराचं काई काम नाई म्हणते डॉक्टर." मला एवढा आनंद झाला की मी तिथंच सोनलला मिठी मारली. पोरगी लाकडासारखी उभी राहिली. मला वाटलं, दमली असेल.

मग आपल्याला दुसऱ्या दाराशी पाठवलं. दारावर पाटी होती. मी अक्षरं जुळवायला लागले, पॅ... लि... तोच तू माझी हनुवटी धरून तोंड दुसरीकडं वळवलंस.

"हा मी पहिले पाह्यला. पॅलिएटिव्ह. हा माह्या वाणाचा. संक्रांतीले सांगीन. तोवर कोणाले विचारशील तं माह्यं मेलेलं तोंड पाहशील."

असं कोणी बोलतं का बाई? आणि मी, शपथ म्हणजे शपथ, त्या पाटीकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. उलट माझा शब्दही तुला तिथंच ऐकवला, नुसतं नाव. इंडिस्पेन्सेबल. तू म्हणालीस, "लय लांब हाये. संक्रांतीले पाहू." दोघी हसलो. सोनल पाणी प्यायला गेली.

पवनीला आल्यावर मी देवीला नारळ फोडला, ऑपरेशन टळलं म्हणून. तू माझ्या बाजूला हात जोडून उभी होतीस. मी खोबऱ्याचा तुकडा तुझ्या हातावर ठेवला, तू तो खाल्लास. कसा गिळलास गं?

त्यानंतरचे दिवस मी पुन्हा पुन्हा काढून पाहते. इतके चांगले दिवस आपल्याला कधी आले नव्हते. धान घरात आलेलं, नव्या तांदळाचा भात, उकडलेल्या पोपटीच्या शेंगा. तू दोन शेंगा खायचीस आणि बाकीच्या सोलून माझ्यापुढं सारायचीस. माझं डोकं दुखायचं तेव्हा तूच उठून तेल लावायचीस. मी म्हणायची, दुखणेकरी तू आहेस. तू म्हणायचीस, "गुमान बस." आणि सांधणी शिकवलीस मला. इतकी वर्षं मी टाळत आले होते, जुन्या ताण्याच्या एकेका दोऱ्याला नव्या ताण्याचा दोरा, बोटाला राख लावून पिळायचा, माझा जीव जायचा त्यात. "माह्ये डोळे गेले आता, शिकून घे," म्हणालीस. मला वाटलं, खरंच डोळे गेले. दोरा चुकला की हातावर चापट मारायचीस, जोर नसायचा त्यात. एकदा तर बँकेतही मला एकटीला पाठवलंस. परत आले तर खिडकीत बसलेलीस, शाळेतून पोर यायची वाट पाहतात तशी. "सही बरोबर केली का?" मी म्हटलं, केली. तू एवढी खूश झालीस की मला कळेना, सहीत काय आहे.

पौषातल्या एका सकाळी तू चहा मागितलास. मी घेऊन आले तोवर तू गेली होतीस.

तेराव्यापर्यंत मला एकेकाकडून कळत गेलं. सोनलला माहीत होतं. ह्यांना माहीत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांना, कोंढ्याच्या तुझ्या भावाला माहीत होतं. सगळ्यांना तू शपथा घालून ठेवल्या होत्यास. ह्यांना मी विचारलं तर म्हणाले, "वहिनीनं सांगितलं होतं, शोभाले नाई सांगाचं." आणि रडायला लागले. त्यांच्या इंटरमिटंट बोलण्यातलं तेवढंच.

बाई, तू? तुझ्या हातात कागद देऊन ज्यांनी तुला अंधारात ठेवलं, त्यांना तू जन्मभर माफ केलं नाहीस. आणि तूच मला दाराशी उभी करून माझं तोंड फिरवलंस? आपल्या खेळाचाच नियम आडवा घातलास? माझ्याशी भांडायला एक दिवस ठेवायचा होतास. मला तुझे पाय दाबायचे होते, हे शेवटचे पाय म्हणून. मला रडायचं होतं तुझ्यासमोर, आणि तू रागवायला हवी होतीस की दोऱ्यावर पाणी पाडू नको. मी देवीला नारळ फोडत बसले!

आणि माझा शब्द? ऐकून घे आता. आमच्या शाळेच्या मास्तरांना निरोप दिला तेव्हाच्या मानपत्रात भेटला होता. इंडिस्पेन्सेबल. ज्याच्यावाचून भागतच नाही ते. मिसलेनियसला उत्तर म्हणून खास ठेवला होता मी, या वेळी भांडण जिंकणारच होते. वाक्य घरातलं, घे. काल सांधणीला बसले, दोरे जुळले, पिळलेही गेले, आणि चापट मारायला कोणी नव्हतं. म्हणून उठून गेले.

आज दुपारी सोनल इथं आली. नागपूरहून फक्त एवढ्यासाठी आली, म्हणाली. बाहेर हळदीकुंकवाची गडबड चालू होती, ही पोरगी मागाच्या खोलीत माझ्यासमोर मांडी घालून बसली, अगदी तुझ्यासारखी.

"काकू, आईनं वाण पाठवलं हाये. आजच द्याचं म्हणून सांगितलं होतं."

मी म्हटलं, मला नको. त्या शब्दाचा अर्थ आता आख्ख्या गल्लीला माहीत असेल, मला त्याचं तोंड पाहायचं नाही.

"अर्थ नाई सांगत मी. आईचं वाक्य सांगतो." तिनं डोळे मिटून घेतले, पाठ केलेली कविता म्हणतात तसे. तुझाच आवाज आला गं त्या पोरीच्या गळ्यातून. "शोभाले सांगजो. दुखणं बरं होणार नाई हे मालूम असते, तरी दुखणाऱ्याच्या जवळ बसून राहाचं, त्याचे दिवस गोड कराचे, त्याले पॅलिएटिव्ह म्हणते. डॉक्टरीणबाईनं मले समजावून सांगितलं तसं. मंग मी घरी जाऊन पाह्यलं, आपल्या घरात हे कोणाले लागते. मले तं एवढं नाई लागत, माह्यं लवकर संपते. मी गेल्यावर जे दुखन ते शोभाले दुखन, अन् ते काई बरं होणार नाई. म्हणून आतापासूनच तिच्याजवळ बसून राहिली मी. हे माह्यं वाक्य. घरातलं हाये."

शेंगा सोललेल्या. डोक्याला तेल. बँकेतली सही. सांधणी. बाई, मी इतके दिवस समजत होते की मी तुझं करत होते.

सोनलनं डोळे उघडले. मग तिनं माझे हात धरले आणि विचारलं, "काकू, पोचलं ना?"

सगळं पोचलं बाई. असं काही आजवर पोचलं नव्हतं. पण मी तिला मान हलवून नाही म्हटलं. मी तोंड वेंधळं करून बसले आहे, मला काही म्हणजे काही समजलेलं नाही. नियम तुझाच आहे. मी 'पोचलं' म्हणेपर्यंत तुला उठता येत नाही. भात करपू दे. बस इथंच, आणि अजून एक वाक्य सांग.